डुलकीवहीतला शेरा

आपला जावई नेमकं काय काम करतो, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. रोहिणखेडला त्यांच्या ओसरीवर कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "हवा मोजते बाप्पा. कायनं मोजते, ते मी बी विचारलं नाई." मग ऐकणारा माझ्याकडे जरा दयेनं बघायचा. पोरगी चांगल्या घरची, अन् नवरा हवा मोजणारा!

तर या अंकाच्या संपादकांनी कामाचे अनुभव लिहायला सांगितले आहेत, तेव्हा आधी धंदा समजावून सांगतो. बुलढाण्यात मी वीस वर्षं जळालेल्या मोटारींत नवी तार भरली आणि कूलर दुरुस्त केले. पुढे बंद काचांच्या इमारती आल्या, एसी आले आणि त्यांच्यामागोमाग भिंतीवर लावायचे छोटे पांढरे डबे आले. त्या डब्याला सेन्सर म्हणतात. माणूस श्वास सोडतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डबा तो मोजतो. खोलीत साचतो तेवढ्या प्रमाणात तो काही विष नाही, पण त्याचा आकडा वाढला म्हणजे ऐंशी जणांनी सोडलेली हवाच ऐंशी जण पुन्हा आत घेत आहेत, एवढं कळतं. डोकं जड होतं, जांभया येतात. उघड्या माळावर दहा लाखांत साधारण सव्वाचारशे भाग हा वायू असतो. खोलीत हजारापर्यंत आम्ही चालवून घेतो. त्याच्या वर गेला की डब्यानं ताज्या हवेच्या पंख्याला जागं करायचं आणि इमारत सांभाळणाऱ्या माणसालाही कळवायचं.

ज्या इमारतींना हिरवं प्रमाणपत्र हवं असतं, त्यांना गर्दीच्या खोल्यांत हे डबे लावावे लागतात. हिरवं म्हणजे वीज, पाणी जपून वापरणारी आणि आतल्या माणसांना धड श्वास घेऊ देणारी इमारत. आमच्याकडे एका मालकानं मात्र आख्खी इमारत बाहेरून पोपटी रंगवून घेतली आणि मग मला विचारलं, "आता अजून काय राह्यलं?"

नियमांतला माझा आवडता नियम उंचीचा. डबा जमिनीपासून तीन ते सहा फुटांच्या मध्येच लावायचा, कारण माणसाचं नाक त्याच पट्ट्यात असतं. हा नियम पाळून घेण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. प्रत्येकाला तो डबा छताला हवा असतो, भिंत खराब दिसते म्हणून. एका साहेबांना मी शेवटी म्हणालो, "साहेब, तिथं वर फक्त पाल श्वास घेते. तिची तक्रार असेल तर तिथं लावतो." साहेब हसले आणि डबा साडेचार फुटांवर आला. दुसऱ्या एका कचेरीत डब्याखालीच एका कारकुनाचं टेबल होतं. तो दिवसभर फोनवर डब्याच्या तोंडात बोलायचा. तो रजेवर गेला की सगळ्या कचेरीची हवा सुधारायची. तसा अहवाल मी लेखी दिला होता.

कचोरीचं प्रकरण तर अजून सांगतात. एका इमारतीत आतली हवा बाहेरच्या हवेशी ताडून पाहायची पद्धत बसवली होती, म्हणून एक डबा बाहेरच्या भिंतीवर होता. महिनाभर सगळं छान. आत माणसं पेंगायची आणि पंखे गप्प. मी बाहेर जाऊन बघतो तर डब्याच्या बरोबर खाली मुनीरभाईंचा कचोरीचा गाडा. शेगडीची धग आणि धूर सरळ डब्यात. डब्याला वाटायचं, बाहेरच इतकं वाईट आहे, तर आतलं उत्तमच म्हणायचं. मुनीरभाईंना समजावलं, तर ते म्हणाले, "भाऊ, तुमच्या मशीनले भूक लागली असंन. एक कचोरी ठेवू का?" गाडा हलवायचा की डबा, यावर मालक अडून बसला होता. मी डबा हलवला. कचोरी तिथं आधीपासून होती.

असे किस्से सांगताना मी नेहमी शहाणा असतो. आता जे सांगतो त्यात मी शहाणा नाही.

बुलढाण्यात एका ट्रस्टनं अभ्यासिका बांधली. ऐंशी खुर्च्या, दुहेरी काचा, रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज नाही, धूळ नाही. तलाठी, पोलीस भरती, बँक, असल्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बीबी, मोताळा, लोणार अशा गावांहून येऊन इथं खोल्या करून राहतात आणि दिवस अभ्यासिकेत काढतात. इमारतीला हिरवं प्रमाणपत्र मिळालं. हॉलमधले चारही डबे मी स्वतः लावले, तेही बरोबर साडेचार फुटांवर. उद्घाटनाला मला नारळ मिळाला होता.

दर काही वर्षांनी तपासणी होते. तपासणी करणाऱ्या बाई पुण्याहून शुक्रवारी येणार होत्या, म्हणून मी सोमवारी दुपारी सगळं एकदा नजरेखालून घालायला गेलो. दारातच डोंगरे सर भेटले. सर म्हणजे निवृत्त पी. टी. शिक्षक आणि अभ्यासिकेचे व्यवस्थापक. सत्तरीतही पाठ ताठ आणि गळ्यात शिट्टी. त्यांच्या टेबलावर एक लांब वही असायची. तिला मुलं डुलकीवही म्हणत. कुणी खुर्चीत झोपलेलं दिसलं की सर वहीत नाव आणि वेळ लिहायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा, तो कायम रिकामा. तीन नोंदी झाल्या की खुर्ची जायची आणि प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला मिळायची.

"काय करता भाऊ," सर म्हणाले, "बाहेर शंभर जण खुर्ची मागून राह्यले, अन् हे इथं घोरून राह्यले. कडक राहाच लागते."

मी हॉलमध्ये गेलो. भिंतीवर आकडा होता सातशे दहा, हिरव्या दिव्यासकट. छान वाटलं. मग समोर पाहिलं. निम्मी मुलं पुस्तकावर कलंडलेली होती. खांबाजवळ एक मुलगी उभी राहून वाचत होती आणि उभ्या उभ्या तिचं डोकं पुढे जात होतं. ती स्नेहल, बीबीची. वडील शेतकरी, घरातली पहिलीच पदवीधर. वहीत तिच्या नावावर दोन नोंदी होत्या, म्हणून ती बसतच नव्हती. तलाठी परीक्षा बारा दिवसांवर आली होती.

सवयीनं मी पिशवीतलं, हातात धरून तोच वायू मोजायचं मीटर काढलं. ते दाखवायला लागलं सोळाशे ऐंशी.

मला आधी मीटरचाच राग आला. ते घेऊन मी बाहेर कडुलिंबाखाली गेलो. पाच मिनिटांत आकडा चारशे वीसवर आला, अगदी असायला पाहिजे तिथं. परत आत आलो, सोळाशेच्या वर. मीटर खरं बोलत होतं. भिंतीवरचे चारही डबे खोटं बोलत होते, आणि तेही एका सुरात.

कारण मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. हे डबे स्वतःला आपोआप दुरुस्त करतात. आठवडाभरात दिसलेला सगळ्यात कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं ते धरून चालतात. खोली रोज काही तास रिकामी राहत असेल, तर ते बरोबरच आहे. पण अभ्यासिका कधी रिकामीच होत नव्हती. पहाटे उठणारे यायचे तेव्हा रात्री जागणारे अजून खुर्चीतून उठून गेलेले नसायचे. दिवाळीतसुद्धा तीस-चाळीस जण बसलेले. डबे बिचारे दर आठवड्याला शिळ्या हवेलाच ताजी समजून काटा थोडा थोडा खाली सरकवत गेले.

डबे बसवताना एक कागद भरावा लागतो. त्यात सरळ प्रश्न असतो : खोली रोज काही तास रिकामी राहते का? मी कुणालाही न विचारता 'होय' लिहिलं होतं. का, तर मी बुलढाण्याचा माणूस. हे कचेऱ्यांचं गाव. इथं सहा वाजले की कलेक्टर कचेरीपासून कोर्टापर्यंत सगळं रिकामं होतं, आणि काही टेबलं तर चारलाच. रिकामी न होणारी खोली बुलढाण्यात असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एवढ्यात मागून शिट्टी वाजली. स्नेहल खांबाला टेकून झोपली होती. सर वही उघडत म्हणाले, "तिसरी. बाई, मले बी बरं वाटत नाई. पण नियम म्हंजे नियम."

ती टेबलासमोर येऊन उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "सर, लिहा. माहं डोस्कंच कमी हाये. रूमवर आठ तास झोपून येते, तरी इथं आलं की डोये मिटतात. मले नाई जमणार हे."

खरं सांगतो, माझ्या मनात आधी हिशेब आला. तपासणी शुक्रवारी. आत्ता बोललो तर चूक माझी निघणार, प्रमाणपत्र अडकणार, ट्रस्टवाले मला उभं करणार नाहीत. गुपचूप दुरुस्त करून टाकलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. फक्त ती मुलगी आपलं डोकं कमी आहे असं समजून बीबीला गेली असती.

"सर, लिहू नका," मी म्हणालो. "तिच्या डोक्यात काही कमी नाही. या खोलीत हवा कमी आहे. आणि चूक माझी आहे."

सरांनी पेन खाली ठेवलं नाही. "डबा तर हिरवा हाये!"

"डबा खोटा आहे सर. मीच त्याला खोटं शिकवलं."

मी सरांच्या हातात मीटर दिलं आणि त्यांना लिंबाखाली नेऊन परत आत आणलं. पी. टी. शिक्षक असल्यानं त्यांना स्वतः धावून पाहिल्याशिवाय पटत नसे. अशा त्यांनी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला ते दारातच थांबले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "भाऊ, म्हंजे एवढे दिवस मी हवेच्या नावच्या नोंदी पोरायच्या नावावर लिहून राह्यलो?"

"हो सर."

ते टेबलाशी गेले आणि त्यांनी वही मिटली. त्या वहीपायी दोघांच्या खुर्च्या आधीच गेल्या होत्या.

आता दुरुस्ती. एक उपाय म्हणजे वायूचं प्रमाण नेमकं मोजून भरलेलं सिलिंडर मागवायचं आणि त्यावर डबे ताडून घ्यायचे, पण ते यायला आठवडा लागला असता. दुसरा उपाय फुकटचा : सगळ्यांनी बाहेर जायचं, दारं-खिडक्या सताड उघडायच्या, पंखे पूर्ण वेगानं सोडायचे, आणि हातातलं मीटर बाहेरचा आकडा दाखवू लागलं की एकेका डब्याला सांगायचं, बाबा, याला ताजी हवा म्हणतात. मग ती आपोआप दुरुस्तीची सोय कायमची बंद करायची. तीन तासांचं काम.

सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी हे जाहीर केलं आणि हॉलमध्ये पहिल्यांदाच कुणी झोपलेलं दिसलं नाही.

"तीन तास? परीक्षा तोंडावर हाये सर!"

"मी उठलो अन् दुसऱ्यानं खुर्ची धरली तर?"

"काऊन उठायचं? डबेवाल्यानं चूक केली, त्यानं निस्तरावी!"

हे शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. तेव्हा स्नेहल उभी राहिली. तिनं ओढणीत खोचलेला रुमाल काढला, आपल्या खुर्चीवर पसरला आणि म्हणाली, "एस्टीत शीट धरतो ना आपण? तसंच. रुमाल टाका अन् चला बाहेर. रुमालाची शीट कोणी घेते का कधी?"

बुलढाण्याला रेल्वे नाही. इथलं प्रत्येक पोर एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकत मोठं झालं आहे, आणि रुमालाचा कायदा आमच्याकडे कुणी मोडत नाही. पाच मिनिटांत ऐंशी खुर्च्यांवर रुमाल पडले. ज्यांच्याकडे रुमाल नव्हता त्यांनी टोप्या टाकल्या, एकानं तर बनियन टाकलं. त्याला सरांनी तेवढं परत घ्यायला लावलं.

पुढचे तीन तास मी आत होतो आणि सगळी मजा बाहेर. खिडक्या उघड्या असल्यानं ऐकू मात्र येत होतं. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना मैदानात रांगेत उभं केलं, दहा मिनिटं हातपाय हलवायला लावले आणि मग लिंबाखाली बसवून तोंडी प्रश्न सुरू केले. सातबारा म्हणजे काय, फेरफार कसा होतो, कोणता तालुका कोणत्या नदीवर. ज्यांनी वर्षभर एकमेकांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते ओरडून ओरडून उत्तरं देत होते. मुनीरभाईंचा गाडा आता या अभ्यासिकेसमोरच उभा असतो. त्यांना गर्दी दिसली, तसे ते गाडा घेऊन फाटकाशी आले आणि मला खिडकीतून विचारलं, "भाऊ, आज शेगडी कुठं ठेवू? आधीच सांगा."

"भिंतीपासून लांब!" मी ओरडलो. सगळं मैदान हसलं.

रिकाम्या हॉलमध्ये ऐंशी रुमाल पंख्याच्या वाऱ्यावर हलत होते. चौकडीचे, फुलांचे, विटलेले, एक लग्नात आहेर आलेला नवाकोरा. मी एकेका डब्यापुढे उभा राहून काम करत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की मी चक्क गुणगुणत होतो. डबे एकामागून एक खरं बोलू लागले. चारशे तीस. चारशे पंचवीस.

मुलं आत आली आणि बसली. थोड्याच वेळात आकडा हजाराला पोचला, पंखे स्वतःहून घुमायला लागले आणि कितीतरी दिवसांनी हॉलमध्ये वारा फिरला. स्नेहल खुर्चीत बसली. दुपारी अडीचला मी मुद्दाम पाहिलं. ती बसलेलीच होती, डोळे उघडे, पेन चालू.

निघताना सरांनी डुलकीवही माझ्यापुढे सरकवली. "शेऱ्याचा रकाना रिकामा हाये. तुम्हीच भरा."

दोन पानं नोंदी होत्या. प्रत्येक नावापुढे मी लिहिलं, 'हवेचा दोष', आणि सही केली. हात दुखला, पण एकही नोंद सोडली नाही. ज्या दोघांच्या खुर्च्या गेल्या होत्या, त्यांना सरांनी स्वतः फोन केले. एक जण आठवडाभरात परत आला. दुसरा चाकणला कंपनीत लागला होता. तो म्हणाला, "आता राहू द्या सर, माहं मन उडलं." त्याच्या नावापुढची माझी सही मला अजून टोचते.

शुक्रवारी पुण्याच्या बाई आल्या. मी झालेली चूक, तिचं कारण आणि दुरुस्ती, सगळं एका कागदावर लिहून दिलं. सर शेजारी उभे राहून भर घालत होते, "म्याडम, म्या सोता तीन फेऱ्या मारल्या, तवा मले समजलं." सरांची बोली ऐकून बाईंच्या ओठावर आधी हसू आलं, पण कागद वाचताना त्या गंभीर झाल्या. चारही डबे आपल्या मीटरशी ताडून पाहून त्या म्हणाल्या, "आजवर मला कुणी स्वतःहून चूक लिहून दिली नव्हती. फाइल कशी करायची तेच आठवावं लागेल." प्रमाणपत्र कायम राहिलं. आता कागद भरताना मी खोलीत राहणाऱ्या माणसांना विचारतो, इथं कधी कुणीच नसतं का? लोक मला वेडा समजतात, पण विचारतो.

वर्षभरानं डबे बघायला परत गेलो. दुपारची वेळ, हॉल भरलेला. स्नेहल सरांच्या टेबलाजवळ उभी होती. मला पाहून एकदम खुलली.

"काका! निकालाच्या यादीत नाव आलं माहं. तलाठी झाली मी. खुर्ची सोडायले आली, यादीतल्या पुढच्या पोरीले द्यायची हाये." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण सर पाहा ना."

मी पाहिलं. डोंगरे सर खुर्चीत ताठ बसले होते, गळ्यात शिट्टी, हनुवटी छातीवर, आणि शांतपणे घोरत होते. ऐंशी जण तोंडावर हात धरून हसू दाबत होते.

स्नेहलनं हळूच डुलकीवही ओढली. वर्षभरात तिच्यात एकही नवी नोंद नव्हती. माझ्या सह्यांच्या खाली तिनं सुंदर अक्षरात लिहिलं, 'डोंगरे सर', पुढे वेळ टाकली, आणि शेऱ्याच्या रकान्याशी थांबली.

"काका, इथं काय लिहू?"

हा प्रश्न गंभीर होता. मी भिंतीवर पाहिलं, सहाशे चाळीस. पिशवीतून मीटर काढलं, सरांच्या नाकाच्या उंचीवर, पण त्यांच्या श्वासापासून हातभर लांब, दोन मिनिटं धरलं. सहाशे पंचावन्न.

"लिही," मी म्हणालो. "हवेचा दोष नाही."

तिनं लिहिलं. खाली मी सही केली. इतक्या वर्षांत एवढ्या खात्रीनं मी कशावरच सही केली नव्हती.